डॉक्टरांचा स्वतःचा नंबर

माझ्या नवऱ्याचा नंबर उजव्या डोळ्याला उणे साडेचार आणि डाव्याला उणे पाच होता, आणि तो डोळ्यांचा सर्जन आहे. लग्न ठरताना त्याचे हे दोन आकडे मला आधी कळले, बाकीची माहिती नंतर. मला स्वतःला चष्मा नाही. उणे पाच म्हणजे नक्की काय, हे मी त्याला पहिल्याच वर्षी विचारलं. तो म्हणाला, "एक मीटरला पाचाने भाग. वीस सेंटिमीटर. चष्मा काढला की नाकापुढे वीस सेंटिमीटरवर माझं जग संपतं. पुढे नुसते रंग."

पनवेलला आमचा दवाखाना खाली आणि घर वर. मी सकाळी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायची आणि संध्याकाळी खाली काउंटरवर बसायची. ज्या दिवशी पेशंट लवकर आटपत, त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही गच्चीत जायचो. तो चष्मा काढून कठड्यावर ठेवायचा आणि त्याला काय दिसतंय ते मला सांगायचा. हायवेवरचा प्रत्येक दिवा त्याला परातीएवढा दिसे आणि परातीच्या आत बारीक रेघांची जाळी. ट्रकचे मागचे दिवे एकमेकांत मिसळून लाल पाण्यासारखे वाहत. कर्नाळ्याचा सुळका त्याला चष्म्याशिवाय कधीच दिसला नव्हता. त्या बाजूला आभाळाचा रंग थोडा दाट झालाय एवढंच जाणवायचं. तळोज्याची धुराडी तर त्याच्या त्या जगात नव्हतीच, फक्त त्यांचा वास होता. मला दिसणारा दिवा म्हणजे एक ठिपका. त्याच्या त्या पराती मला हव्याशा वाटायच्या. मी डोळे किलकिले करून बघायची, पापण्यांवर पाणी लावून बघायची. जमलं नाही. मग मी डोळे मिटून घ्यायची आणि त्याला सांगत राहायला सांगायची. अर्धं शहर मी असं त्याच्या आवाजात बघितलेलं आहे.

दिवसा मात्र हाच माणूस इतरांचे चष्मे काढत होता.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला आमच्याकडे नंबर घालवायची लाट आली. लेझरचं मशीन एकट्या डॉक्टरला परवडण्यासारखं नव्हतं. वाशीला एका ठिकाणी ते होतं, आणि पनवेल, पेण, अलिबागकडचे सर्जन आपापले पेशंट घेऊन शनिवारी तिथे जमायचे. पेशंट बहुतेक विशीतल्या मुली, सोबत त्यांच्या आया. त्या वेळी पात्याची पद्धत होती. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, म्हणजे कॉर्नियाचा, एक पातळ पापुद्रा पात्याने उचलायचा, खाली लेझर मारून आकार बदलायचा आणि पापुद्रा पुन्हा जागेवर ठेवायचा. काही वर्षांनी पातं गेलं. पापुद्राही लेझरच कापू लागला आणि गावोगावच्या फलकांवर 'बिनपात्याचं ऑपरेशन' असं झळकलं. आणखी काही वर्षांनी पापुद्राच नको, बारीक छेदातून काम करू, अशी पद्धत आली. प्रत्येक कॉन्फरन्सहून नवरा नवे शब्द घेऊन यायचा. मला त्यात एकच गोष्ट खटकायची. नवं आलं की जुन्याचे धोके सांगायला सुरुवात व्हायची, आणि ते जुनं गेल्या वर्षापर्यंत सगळ्यांत सुरक्षित असायचं.

तोंडावर विचारलं होतं ते मात्र वेगळंच, आणि अगदी सुरुवातीला, पोपटीच्या वेळी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शिरढोणच्या बाजूला एका सर्जन मित्राच्या शेतावर आम्ही पोपटी लावायचो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, कोंबडी भरायची, मडकं पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाच सर्जन आणि आम्ही बायका. मडकं उघडलं की वाफेचा लोट यायचा आणि सगळे त्यावर वाकलेले असायचे. त्या पहिल्या वर्षी पाचांपैकी पाच चष्म्यांवर एकदम धुकं बसलं. पाच आंधळे मडक्याभोवती चाचपडताहेत, आणि हेच पाच परवाच्या शनिवारी वाशीला लोकांचे नंबर घालवून आलेले! मला हसू आवरेना.

"दुसऱ्यांचे चष्मे काढता, स्वतःचे का ठेवलेत?" मी विचारलं.

"वहिनी, माझा कॉर्निया पातळ आहे," एक म्हणाला.

"मला चष्मा शोभतो."

"मला वेळ नाही."

"माझी बायको नको म्हणते," माझा नवरा म्हणाला.

"मी कधी म्हटलं?"

"म्हणशील."

सगळे हसले. शेताचे मालक शेंगा सोलत म्हणाले, "वहिनी, तुम्ही कॉन्फरन्सला येत जाऊ नका हं. पंचाईत होईल."

पुढे आम्ही जवळजवळ दर थंडीत जमलो, आणि मी मडकं उघडताना चष्मे मोजायची. दोन-तीन वर्षं पाच. मग चार. दोन हजार बाराच्या आसपास दोनच उरले. पेणच्या मित्राने कधी करून घेतलं ते कोणालाच कळलं नव्हतं; वाफेत सरळ हात घालून कोंबडीची तंगडी उचलताना तो सापडला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "कुठलं केलंत? नवं, बिनपापुद्र्याचं?"

तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "नाही वहिनी. जुनं."

"पात्याचं?"

"त्याच्याही आधीचं. वरची साल काढायची, सरळ लेझर मारायचा, साल आपोआप परत वाढू द्यायची. चार-पाच दिवस डोळ्यांत मिरची घातल्यासारखं होतं. नजर यायला महिना जातो. पण कापाकापी नाही."

मी दुसऱ्यालाही विचारलं. त्यानेही तेच केलं होतं. तिसऱ्याने तेवढं नवं केलं होतं. पेशंटला हे दोघं नवं सुचवायचे, कारण पेशंटला सोमवारी कामावर जायचं असतं आणि दुखणं नको असतं. स्वतःसाठी त्यांनी जे निवडलं ते हळू, दुखणारं आणि जाहिरातीत नसलेलं. तीन माणसांवरून नियम काढू नये हे मला कळतं, पण ही गोष्ट माझ्या डोक्यात राहिली.

नवऱ्याला टोमणे रोज मिळायचे. बाजारातल्या एका दुकानदाराचा कुवेतला नोकरी करणारा मुलगा तपासायला आला होता. मी काउंटरवर होते, दार उघडं होतं. तो म्हणाला, "डॉक्टरसाब, बुरा नका मानू, पण पहले तुमी करा. मी पुढच्या सुट्टीला येतो. तुमच्या नाकावर चष्मा नाय दिसला तर लगेच टेबलावर झोपतो."

"आणि दिसला तर?"

"मग आपण दोघं चष्मेवाले भाई."

त्या संध्याकाळी गच्चीत नवऱ्याने सांगितलं की त्याला करून घ्यायचं आहे. मी विचारलं, "त्या मुलाने चिडवलं म्हणून?"

"नाही. आठ-नऊ वर्षं मी लोकांना सांगतोय, दिव्याभोवती वलयं दिसतील, मग जातील. ती वलयं कशी असतात, ती असताना माणूस रस्ता कसा ओलांडतो, हे मला पुस्तकातून माहीत आहे. फक्त पुस्तकातून."

"तेवढ्यासाठी डोळे पणाला लावायचे?"

"तेवढ्यासाठीच नाही. सकाळी जाग आल्यावर मला भिंतीवरचं घड्याळ बघायचंय."

"किती वाजले ते मी सांगते की."

"ते तू सांगतेसच," तो म्हणाला.

मला गणित येतं म्हणून माझी भीती कमी झाली नाही, वाढली. त्रास फार थोड्यांना होतो, हे खरं. पण ते थोडे कोणीतरी असतातच. आणि आमच्या दवाखान्यात डॉक्टर एकच. खरं काम मोतीबिंदूचं. उरणकडच्या मिठागरांच्या गावांतून, तळोज्याच्या चाळींतून माणसं येत, ती त्याच्या हातावर विसंबून. ते काम मायक्रोस्कोपखाली होतं आणि तिथे केसाएवढी चूक चालत नाही. त्याच्या नजरेत कायमची थोडी धूसरता राहिली तर त्याला वाचता येईल, गाडी चालवता येईल, पोपटी खाता येईल. ऑपरेशन करता येणार नाही. त्याने स्वतःसाठी निवडलेल्या साल काढण्याच्या पद्धतीत तोच धोका होता: काहींच्या कॉर्नियावर भरून येताना दुधाळ छटा धरते. त्याला ते लोक आपसात 'हेझ' म्हणतात. ती लगेच दिसत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी उमटते.

"निदान एक डोळा आधी कर," मी म्हटलं.

"एका डोळ्याला उणे पाच आणि एकाला शून्य घेऊन तू जिना उतरून दाखव, मग एक करतो."

ऑपरेशन कोणाकडून करून घ्यायचं हा खरा अवघड प्रश्न होता. सर्जनांत एक समजूत आहे की पेशंट डॉक्टर असला की काहीतरी बिघडतंच, कारण करणारा बिचकतो आणि नेहमीची पद्धत सोडून जास्त काळजी घ्यायला जातो. नवऱ्याने मित्रांना विचारलं नाही. वाशीला त्याच्याकडे हात बसवून गेलेली एक तरुण सर्जन होती, तिला त्याने घरी जेवायला बोलावलं आणि आमटी वाढता वाढता सांगितलं.

तिने घास खाली ठेवला. "सर, दुसरं कोणी नाही का?"

"आहेत. पण तू माझ्याशी भांडतेस. बाकीचे हो हो म्हणतील."

"मग आत्ताच भांडते. टेबलावर तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही."

तो अर्थातच बोलला. मी काचेबाहेर बसले होते, स्पीकरवरून आवाज येत होता. साल काढून होते न होते तोच हा सूचना द्यायला लागला. ती शांतपणे म्हणाली, "सर, आज तुम्ही पेशंट आहात. हिरव्या दिव्याकडे बघा आणि गप्प पडून राहा." मग मशीनची टकटक ऐकू आली आणि जळक्या केसांसारखा वास दारातून बाहेर आला. त्या वासाबद्दल तो पेशंटना सांगायचा. मला मात्र त्याने कधी सांगितलं नव्हतं.

घरी आणल्यावर आम्ही पडदे ओढले. पहिले चार-पाच दिवस पेणच्या मित्राने सांगितलं तसेच गेले, मिरचीचे. त्यानंतरचे दिवस मला वेगळेच आठवतात. पिवळट पडद्यांतून येणारा उजेड, खोलीत मधासारखा साचलेला. खालून दवाखान्याच्या बंद शटरवर कोणी हलकेच थाप मारून जायचं. रिक्षावाल्यांचे आवाज, दुपारची अजान, कुकरच्या शिट्ट्या. तो काळा गॉगल लावून पडलेला आणि मी त्याच्या उशाशी बसून वर्तमानपत्रातले भाव वाचून दाखवतेय, कारण दुसरं काही वाचलं की तो डोळे उघडून चित्र बघायचा प्रयत्न करी. कधी वाचता वाचता मलाच डुलकी लागायची. जाग आली की क्षणभर कळायचं नाही, सकाळ आहे की संध्याकाळ, आणि आम्हा दोघांपैकी कोणाला दिसत नाही. तेव्हा वाटायचं की त्या पराती, ती लाल पाण्याची वाट, सगळं आता या खोलीतून हळूहळू निघून चाललंय. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "जातंय खरं. जाताना जरा गोंधळ घालतंय."

दुसऱ्या आठवड्यापासून मी रोज उन्हं उतरल्यावर त्याला गच्चीत न्यायची आणि हायवेलगतच्या एका बिल्डरच्या फलकावरून नजर तपासायची. दवाखान्यातला तक्ता त्याला पाठ होता, तो चालला नसता. आधी त्याला फक्त हिरवी इमारत दिसली. मग मोठी अक्षरं. एके दिवशी तो ओळ लावून वाचू लागला, "स्टेशनपासून... पाच... मिनिटं."

"दिसलं?"

"नाही, शेवटचं अंदाजाने. सगळेच पाच मिनिटं लिहितात."

महिना संपता संपता तो खालचा फोन नंबरही वाचू लागला. वाशीच्या त्या तरुण सर्जनने तपासून सांगितलं, नंबर जवळजवळ शून्य, कॉर्निया काचेसारखा. अंधार पडल्यावर दिव्यांना वलयं होती, पण ती कमी होत होती. त्यांचं वर्णन तो आता मोजून मापून करायचा: आतलं कडं निळसर, बाहेरचं तुटक, उजव्या डोळ्यात मोठं. "याला मी थोडी वलयं म्हणत होतो," तो म्हणाला. "थोडी नाहीत."

आणखी तीन आठवडे गेले, मग एका सोमवारपासून ऑपरेशनं सुरू करायचं ठरलं. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, तो म्हणाला, "चल, खाली जाऊन एकदा मायक्रोस्कोपला डोळा लावून येऊ." थिएटरमध्ये कोणी नव्हतं. त्याने टेबलावर माझं कॉलेजचं ओळखपत्र ठेवलं, दिवा लावला, स्टुलावर बसला आणि वाकला.

पायाखालचं पेडल दाबल्याचा आवाज आला, पुन्हा आला.

"काय झालं?"

"थांब."

पेडलने तो फोकस वरखाली करत होता. मोठं करून बघितलं की अक्षरं क्षणभर उमटायची आणि लहान केलं की विरघळायची, असं त्याने मागून सांगितलं. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "धुकं आहे."

दोन महिने होत आले होते. हेझ उमटायची पुस्तकात लिहिलेली वेळ तीच होती. तो उठून भिंतीला टेकून उभा राहिला. त्याने गॉगल चढवला, काढला, समोरच्या कपाटावरचं औषधाचं नाव वाचलं. ते त्याला नीट वाचता आलं. कॅलेंडरवरची तिथीही वाचता आली.

"मी बघू?" मी विचारलं. का विचारलं ते माहीत नाही. कदाचित त्याला जे दिसतंय ते बघायची माझी जुनीच सवय. त्याने हाताने स्टूल दाखवलं. मी वाकले. आत दुधाळ उजेड होता आणि त्यात माझं नाव, माझा फोटो, सगळं विरघळलेलं. आयुष्यात पहिल्यांदा मला ते दिसत होतं: कडा नसलेलं, नुसते रंग असलेलं जग. ते फार सुंदर होतं. मी क्षणभर तिथेच थांबले.

मग म्हटलं, "मलाही धूसरच दिसतंय."

"काय?"

"मलाही. आणि माझे डोळे तर चांगले आहेत."

तो भिंतीपासून सुटून आला आणि मायक्रोस्कोपच्या नळ्या जवळून बघू लागला. डोळे लावायच्या दोन्ही नळ्यांना एक एक फिरती चकती असते, आकडे घातलेली. चष्मेवाला सर्जन चष्मा काढून काम करतो आणि आपला नंबर त्या चकतीवर लावतो. याने अकरा वर्षांपूर्वी मशीन घेतलं तेव्हा डावीवर उणे पाच आणि उजवीवर उणे साडेचार लावलं होतं, आणि पुसताना चकत्या हलू नयेत म्हणून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी मळून नळीच्याच रंगाची झाली होती. विशीतल्या डोळ्यांनी ताण देऊन ते चित्र सावरूनही घेतलं असतं. आम्ही दोघंही चाळिशीच्या पुढचे.

त्याने नखाने पट्टी सोडवायला सुरुवात केली. ती निघेना. मी कात्री दिली. दोन्ही चकत्या शून्यावर आणून तो पुन्हा वाकला. मला वाटलं आता हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "तुझ्या फोटोत कॉलरचा टाका उसवलाय," आणि डोळे न उचलता तसाच बसून राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी दिवा तसाच राहू दिला आणि दाराशी जाऊन उभी राहिले.

मी कॉलेजला दोन दिवस रजा टाकली होती. सोमवारी पहिली पेशंट उरणकडच्या गावातली एक आजीबाई होती. तिचा उजवा डोळा त्यानेच मागच्या वर्षी केला होता, आता डावा. तिला टेबलाजवळ आणलं तेव्हा तोंडावर मास्क बांधायच्या आधी तो तिला भेटायला पुढे झाला. तिने त्याला निरखलं आणि ती माझ्याकडे वळली.

"ह्यो कोन?"

"डॉक्टर आहेत, आजी."

"आमचा डाक्टर ह्यो नाय. त्याला चष्मा हाय. मी त्याच्याकडूनच करनार, नायतर मी चालली घरी."

"अहो आजी, मीच तो. मी चष्मा काढलाय."

"काडला? मंग दिसतंय का तुमाला?"

काउंटरवर कितीतरी लोकांनी कितीतरी प्रश्न विचारले होते, हा त्यांत नव्हता. "दिसतंय, आजी," तो म्हणाला. "काल बघून घेतलं."

"काल," आजी म्हणाली आणि विचारात पडली. मग स्वतःच टेबलावर चढून आडवी झाली. "बोला कायतरी. बोलताना आवाज तोच असला तर मानीन."

तो बोलला. नेहमीचंच: खाली बघा, हलू नका, पाणी पडेल थोडं. आजीने हाताने जा जा अशी खूण केली, म्हणजे मी जावं. मी बाहेर बाकावर बसले. आत काय चाललंय ते बाहेर काहीच कळत नाही, अधूनमधून मशीनचा सूर तेवढा चढतो आणि उतरतो. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला की तसं मला वाटलं, ते मी सांगू शकत नाही. मी मुद्दाम घड्याळाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिची पट्टी काढली. दिव्याने डोळा तपासला. मी दारात उभी होते. त्याच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. त्याने तिच्या आधी केलेल्या उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि नर्सला चार हात लांब उभं राहून बोटं धरायला सांगितलं. मग विचार बदलून तळवा नर्सला धरायला लावला आणि स्वतः लांब जाऊन बोटं धरली.

"किती बोटं, आजी?"

"तीन," ती म्हणाली. "आनि मधल्याला शाई लागलीय."

नवऱ्याने आपलं बोट वळवून डोळ्यांजवळ आणलं. चाळिशीच्या डोळ्यांना तिथे ते दिसलं नाही. पूर्वी चष्मा काढून वीस सेंटिमीटरवर धरलं असतं तर दिसलं असतं. मग हात हळूहळू लांब करत, पार कोपर सरळ होईपर्यंत नेऊन, त्याने बघितलं.

"आहे खरी," तो म्हणाला.